मळवटाखालचं कपाळ

माझं तोंड वाकडं झालं ते मला सकाळी मोरीत चूळ भरताना कळलं, आणि का झालं ते दुपारपर्यंत सगळ्या तुळजापुराला कळलं. मला सोडून.

पाणी तोंडात घेतलं तर ते उजव्या कोपऱ्यातून आपोआप खाली आलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तोंड धुवायला लागले तर उजवा डोळा मिटेना, साबण थेट आत. मग भिंतीवरच्या आरशात पाहिलं. डावी बाजू माझीच होती. उजवी बाजू सैल पडलेली, झोपलेल्या माणसाची असते तशी, आणि तिच्यातला डोळा मात्र टक्क उघडा. हसून पाहिलं, तर सगळं तोंड डावीकडं पळालं. आदल्या रात्री उजव्या कानामागं ठणकत होतं, एवढंच काय ते मला आठवत होतं.

हैदराबाद राज्य मोडून आम्ही नुकतेच मुंबई राज्यात आलो होतो. खेडोपाडी शाळा निघत होत्या, मुलींना शाळेत आणायचं तर शिकवायला बाई पाहिजे म्हणून शिकलेल्या मुलींचा शोध चालू होता. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक पास. दोनच दिवसांपूर्वी धाराशिवला जाऊन मी स्वतःच्या हातानं नेमणुकीचा हुकूम घेऊन आले होते. तामलवाडीची प्राथमिक शाळा. पंधरा दिवसांच्या आत हजर व्हायचं, आणि हजर होताना जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातला प्रकृती ठीक असल्याचा दाखला सोबत आणायचा. पंधरा दिवसांत न आल्यास नेमणूक रद्द समजण्यात येईल, असं त्या कागदावर शेवटी लिहिलेलं होतं. ती ओळ मला आजही पाठ आहे.

आमच्या घरात बाईनं नोकरी करायची ही पहिलीच वेळ होती. ती सुरू व्हायच्या आत माझं तोंड गेलं, हे शेजारपाजारच्या बायकांना इतकं सोयीचं वाटलं की विचारू नका. एकीच्या मते येष्टीत खिडकीपाशी बसल्यामुळं पौषातलं गार वारं गालाला लागलं. दुसरीच्या मते हुकूम सगळ्यांना दाखवत फिरल्यानं दृष्ट लागली. तिसरी म्हणाली, परवा दाढ काढली होती ना हिनं? दाढ मी काढलेली नव्हती, तिच्या सुनेनं काढली होती. तसं सांगितलं तर म्हणाली, तेच ते. मला वाटलं, आता हिचा गळाच धरावा.

पण या सगळ्यांवर ताण केली ती आमच्या आत्याबाईंनी. आत्याबाई म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. वयाच्या बाविसाव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी आल्या त्या आमच्याकडंच राहिल्या. त्यांचे यजमान कशानं गेले हे घरात कुणी बोलत नसे, आणि आम्ही मुलांनीही कधी विचारलं नव्हतं. अंगावर बारा महिने पांढरं पातळ, हातात काही नाही, आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचा. आईसुद्धा भाजीत मीठ किती हे त्यांच्याकडं बघून ठरवी.

"हुकूम आधी कुठं वाचलास?" त्यांनी मला विचारलं.

"गाडीत."

"आन् देवीच्या पायावर कवा घातलास?"

"उद्या जाणारच होते, आत्याबाई."

"झालं मग. आणखी काय कारण पाहिजे?"

म्हणजे देवीनं माझ्या तोंडाला हात लावला, का तर मी सरकारी कागद देवीच्या आधी वाचला! मी म्हणाले, पाकीट उघडल्याशिवाय आत हुकूम आहे का नकार, ते देवीला तरी कसं कळणार? पण ओठ मिटत नसले की प, ब, म ही अक्षरं नीट येत नाहीत. माझं उत्तर फसफसत बाहेर आलं आणि आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. भांडायला तोंड लागतं, आणि तेच नेमकं गेलेलं.

त्यांनी नवस बोलला. तोंड सरळ होईपर्यंत मी मळवट भरायचा आणि तो पुसायचा नाही, धुवायचा नाही. रोज सकाळी आई भुवयांपासून केसांपर्यंत मेणाचं बोट फिरवी आणि त्यावर कुंकू दाबी. आत्याबाई दोन हात लांब उभ्या राहून सांगत, डाव्या अंगाला कमी झालं, वर भर अजून. स्वतः त्या कुंकवाच्या करंड्याला शिवत नसत. कालचा थर तसाच, त्यावर आजचा. चार दिवसांत माझ्या कपाळावर चुलीपुढच्या सारवणासारखा जाड पापुद्रा धरला. खाज सुटे. खाजवलं की भुगा सुटे आणि तो पडे कुठं, तर न मिटणाऱ्या उजव्या डोळ्यात.

अण्णांचा भरवसा वेगळा होता. ते तहसील कचेरीत कारकून. वीस वर्षं उर्दूत दप्तर लिहिलेलं, आता पन्नाशीत मराठी मसुदे करताना मला ऱ्हस्वदीर्घ विचारत. त्यांना उर्दूतलं सगळं पक्कं वाटे आणि मराठीतलं कच्चं, त्यामुळं वैद्याऐवजी त्यांनी म्हाताऱ्या हकीमसाहेबांना घरी आणलं.

हकीमसाहेब फार मायाळू माणूस. त्यांनी माझी नाडी पाहिली, दोन्ही हातांनी त्यांची बोटं दाबायला लावली, चालून दाखवायला लावलं. "नक्को घबराओ बेटी," ते म्हणाले. "चेहरे पो हवा मारी, बस." मग त्यांनी उपाय सांगितले. अंधाऱ्या खोलीत राहायचं, चाळीस दिवस. पितळेच्या घासलेल्या आरशात तोंड बघत बसायचं. जायफळाचा तुकडा गालात धरायचा. आणि रानकबुतराचा रस्सा.

शेवटचं ऐकून आत्याबाई उठून आतच गेल्या. हकीमसाहेबांना आमचं घर ठाऊक होतं. ते हसून म्हणाले, रस्सा नाही तर नाही, कबुतराच्या पंखांचा वारा लागला तरी फायदा होतो. आणि आमचे अण्णा, ज्यांनी आयुष्यात कधी घरात मांजर येऊ दिलं नाही, त्यांनी संध्याकाळी डालग्यातून दोन कबुतरं आणली.

म्हणजे माझी स्थिती अशी. माजघरामागची धान्याची खोली, खिडकीला घोंगडं, कपाळावर मेण आणि कुंकू, गालात जायफळ, हातात पितळी आरसा, आणि डोक्यावर दोन कबुतरं फडफडताहेत. त्यांच्या पंखांची धूळ, पिसं, सगळं त्या उघड्या डोळ्यात. डोळा लाल झाला, सुजला, चिकटायला लागला. मी आईला म्हणाले, डोळा बघ. आई म्हणाली, तोंड एकदा सरळ झालं की डोळाही होईल. जो तो माझ्या तोंडाकडंच बघायचा. मुलीचं तोंड चारचौघांत दिसतं, लग्नाच्या बाजारात दिसतं. डोळा दुखतो तो आपला आपल्याला.

आणि पंधरा दिवसांतला एकेक दिवस जात होता. रोज मी अण्णांना विचारी, धाराशिवला कधी जायचं? रोज ते म्हणत, असं तोंड घेऊन गेलीस तर दाखला कोण देईल? थोडं बरं होऊ दे. हकीमसाहेबांचे चाळीस दिवस आणि सरकारचे पंधरा, याचा हिशेब या माणसाला घालता येत नव्हता? येत होता. त्यांना भीती वाटत होती. डॉक्टरनं नको ते काही सांगितलं तर, याची. ते मला तेव्हा दिसत होतं आणि तरी त्यांचा राग येत होता.

तोंड गेल्याच्या अकराव्या दिवशी मी घोंगडं काढलं आणि कबुतरं सोडून दिली. ती समोरच्या कौलावर जाऊन बसली. मग मी माजघरात आले आणि जमेल तसं म्हणाले, उद्या मी धाराशिवला जाणार, येष्टीनं नाहीतर पायी. तोंडातून लाळ गळत होती, ती पुसतही नव्हते. अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि दुसऱ्या दिवसाची रजा लिहिली. मसुद्यात एक चूक होती, ती मी दाखवली नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "मी पण येते. मळवटाला कुणी हात लावायला नको."

हुकूम हातात पडल्यापासूनचा तो चौदावा दिवस होता. आत्याबाईंनी मला खिडकीपासून लांब, मधल्या जागेवर बसवलं आणि गाडी धाराशिवला पोचेपर्यंत माझ्या गालावर पदर धरून ठेवला. लोक बघत होते. लाल कपाळ, लाल डोळा, वाकडं तोंड. एका बाईनं मला देवीचं वारं असलेली समजून नमस्कार केला.

दवाखान्यातले डॉक्टर पुण्याकडचे, तरुण, कपाळाला घाम आणि बोलण्यात घाई. बाहेर व्हरांड्यात ही रांग. त्यांनी माझे हात वर करायला लावले, पाय उचलायला लावले, गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, कानात बॅटरी मारून पाहिलं. ताप आला होता का, कान वाहतो का, कुठं मार लागलाय का, लघवीला मुंग्या लागतात का, एका कानाला आवाज मोठा वाटतो का? शेवटचं खरं होतं. उजव्या कानाला भांड्यांचा आवाज नकोसा होत होता, आणि हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मग म्हणाले, डोळे मिटा. डावा मिटला. उजव्यातलं बुबुळ वर गेलं आणि पांढरा डोळा तसाच उघडा राहिला.

"आता भुवया वर करा. कपाळाला आठ्या घाला."

मी घातल्या. डॉक्टर पुढं वाकून बघायला लागले. त्यांनी बोट लावलं. मेणाचा पापुद्रा तडकला आणि त्याचा तुकडा त्यांच्या कागदावर पडला.

"हे पुसा," ते म्हणाले.

आत्याबाई माझ्याजवळ सरकल्या.

"साहेब, ते पुसता येत नाही," अण्णा म्हणाले. "नवस आहे."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "हे बघा, तोंड दोन कारणांनी असं वाकडं होतं. एक म्हणजे मेंदूत बिघाड झाला तर. तेव्हा गाल आणि ओठ जातात, पण कपाळ वाचतं, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. दुसरं कारण म्हणजे कानामागच्या हाडातून चेहऱ्याची शीर बाहेर येते, ती सुजून तिथंच दबली तर. तेव्हा कपाळही जातं. पहिलं गंभीर. दुसरं बहुतेक वेळा आपोआप बरं होतं. डोळ्यावरून मला अंदाज आलाय. पण अंदाजावर मी सरकारी दाखला देत नाही. कपाळ दिसलं पाहिजे."

"ती शीर सुजते कशानं?" अण्णांनी विचारलं.

"ते अजून कुणालाच नीट माहीत नाही."

बारा दिवस अख्ख्या गावाला कारण ठाऊक होतं. माहीत नाही म्हणणारा हा पहिला माणूस, आणि त्यालाच माझं कपाळ दिसत नव्हतं! मी हात वर नेला. आत्याबाईंनी मनगट धरलं.

"तू न्हाय," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, उद्या शेवटचा दिवस आहे!" मी ओरडले. शब्द निम्मेच निघाले असतील, पण व्हरांड्यातली रांग आत डोकवायला लागली. "माझी नोकरी जाईल. डोळा तर जायलाच लागलाय. तुम्हाला काय पाहिजे, हे कपाळ का मी?"

अण्णांनी खाली मान घातली. बाप मुलीचं कुंकू कसं पुसणार? आमच्याकडं बाईचं कुंकू एकदाच पुसतात, आणि ते पुसायला आधीच कुंकू पुसलेली बाई बोलावतात. हे खोलीतल्या आम्हा तिघांना ठाऊक होतं. डॉक्टरांना नव्हतं. ते घड्याळ बघत होते.

आत्याबाईंनी माझं मनगट सोडलं. "नवस मी बोलले," त्या म्हणाल्या. "मोडायचाय तर मीच मोडीन. माझं आणखी काय जायचंय?" त्यांनी पदर बोटांना गुंडाळला आणि माझं कपाळ पुसायला लागल्या. मेण निघेना. मग पदर सोडून त्या तळहातानंच घासायला लागल्या, जोरात. मी त्यांच्याकडं बघत नव्हते.

"आता आठ्या घाला."

घातल्या. डावीकडं कपाळ गोळा झालं, ते मला आतून कळलं. उजवीकडं काहीच झालं नाही.

"छान," डॉक्टर म्हणाले. "उजवं कपाळ हलतच नाही." अर्धं कपाळ मेल्याबद्दल कुणाचं कौतुक झालेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. "शीरच आहे. मेंदूला काही झालेलं नाही. दीडदोन महिन्यांत सुधारेल. पण हा डोळा सांभाळा, नाहीतर तोंड सरळ होईल आणि डोळा जाईल. थेंब टाका, पट्टी बांधा, धूळ नको. शिकवायला हरकत नाही." आणि ते दाखला लिहायला लागले.

माझ्या छातीवरचा दगड उतरला. अण्णांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता निघायचं. तेवढ्यात आत्याबाईंनी विचारलं, "आन् कपाळाला आठ्या पडत असल्या तर?"

"तर मेंदूतला बिघाड," डॉक्टर लिहितालिहिता म्हणाले.

"ह्यांचं तोंड असंच गेलेलं. सकाळी, न्याहारी करताना. उजवा हात पण. काढा पाजायला गेले की रागानं बघायचे माझ्याकडं. आठ्या पडायच्या. दोन्हीकडं."

"मग तेच होतं. किती दिवस काढले?"

"आठ."

"त्यात आम्हीही फारसं काही करू शकत नाही, बाई."

"लग्नाला वरीस झालं होतं. सासूबाई म्हणायच्या, देवीची ओटी भरायची मी टाळली, तापाचं निमित्त करून. त्यानं झालं. मला खरंच ताप होता." त्या डॉक्टरांशी बोलत होत्या, पण बघत होत्या अण्णांकडं. "म्हणजे ओटीचं न्हाय ते?"

"ओटीचा काय संबंध?" डॉक्टर चिडून म्हणाले आणि दाखल्यावर शिक्का मारला. "पुढचा कोण आहे, पाठवा."

बाहेर आलो. व्हरांड्यात पाण्याचा रांजण होता. मी म्हणाले, आत्याबाई, हात धुवा. त्या म्हणाल्या, घरी धुते. येताना गाडीत त्यांनी माझ्या गालावर पदर धरला नाही. उजवा तळहात उलटा करून मांडीवर ठेवला होता, लालभडक, आणि त्या सबंध वाटेनं त्याच्याकडं बघत होत्या. पांढऱ्या पदरावरही कुंकू माखलं होतं. गाडीतल्या बायका बघत होत्या, आत्याबाईंना त्याचं काही नव्हतं. बारा दिवस मी ज्या बाईवर दात खात होते ती तीस वर्षं हेच डोक्यावर घेऊन आमच्या घरात वावरत होती, आणि मला ते माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, कारण ते मला आधी सांगितलं असतं तर काय बिघडत होतं?

पंधराव्या दिवशी मी डोळ्याला पट्टी बांधून तामलवाडीच्या शाळेत हजर झाले. पोरांनी मला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, ते इथं लिहीत नाही. फळ्यावर प काढायचा आणि तोंडानं तो म्हणता येत नाही, अशी ती शिकवणी. दर शनिवारी दुपारी घरी यायचे तर आत्याबाई दारातच मला उन्हाकडं तोंड करून उभी करायच्या.

"आठ्या घाल."

मी घाली. डावीकडंच पडत. त्या वळून आत जात.

सहावा का सातवा शनिवार असेल. ओठ थोडे मिटायला लागले होते. मी जेवत होते आणि आत्याबाई वाढता वाढता आईला सांगत होत्या, "डाक्टरचं ठीक हाय. पण बारा दिवस मळवट भरला होता, त्याचं काहीच न्हाय असं कसं म्हणावं? पुसला नसता तर एव्हाना..."

ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं सगळं होऊन पुन्हा मळवट! मी घास ताटात टाकला आणि त्यांच्याकडं बघितलं.

आत्याबाई बोलता बोलता थांबल्या. हातातला पळा खाली ठेवला, पुढं आल्या आणि माझ्या उजव्या भुवईवर अंगठा ठेवला.

"पडली," त्या म्हणाल्या. "अगं, इकडं पण पडली की आठी!" आणि एवढी वर्षं ज्या बाईला मी हमसून रडताना पाहिलं नव्हतं ती माझं डोकं पोटाशी धरून हुंदके द्यायला लागली.

"आत्याबाई, सोडा," मी म्हणाले. "मी चिडलेय तुमच्यावर."

"व्हय गं बाई," त्या म्हणाल्या. "चीड. आणखी चीड."